फेगडेभाऊंचं रीडिंग

१८ एप्रिल, शनिवार. दहा किलो ज्वारीचे बिबडे, म्हणजे उन्हात वाळवायचे पापड, घालायचे होते. ज्वारी देडतलाईची, तीन दिवस भिजवून, उपसून, दळून आणलेली. पहाटे पाचला गच्चीवर चूल पेटवली आणि मोठ्या पातेल्यात पिठाचा घाटा शिजायला टाकला. ज्यांनी बिबडे कधी केले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, घाटा शिजत असताना हात थांबवायचा नसतो. थांबला की गुठळी होते, आणि गुठळीचा बिबडा गिऱ्हाईक परत आणून देतं.

नेमकं तेव्हाच शेजारच्या गच्चीच्या कठड्यावरून फेगडेभाऊंचं डोकं वर आलं.

"ताई, एक मिनिट. ऐका आणि सच बोला. पितळ की स्टील?"

डोकं खाली गेलं, आणि त्यांच्या खिडकीतून विहिरीत झाकण पडावं तसा आवाज आला. मी हात न थांबवता ओरडून सांगितलं, जर्मनचं पातेलं. डोकं वर आलं, चेहरा उतरलेला. पुन्हा खाली. पुन्हा आवाज. मी म्हटलं, हेही जर्मनचंच, फक्त पोचा पडलेलं.

"रीडिंग घेतो," म्हणाले आणि गेले.

हा प्रश्न ते मलाच विचारतात असं नाही. दूधवाल्याला विचारून झालं. तो बिचारा "लकडी" म्हणाला. तेव्हापासून भाऊ त्याच्याकडून दूध घेतात, मत घेत नाहीत. आमच्या ह्यांचं बुधवाऱ्यात हार्डवेअरचं दुकान आहे. तिथे वायर घ्यायला आले की भाऊ आधी गिऱ्हाइकांना मोबाइलवर आवाज ऐकवतात, मग वायर मागतात. एकदा हे घरी येऊन म्हणाले, आज तीन जणांनी पितळ सांगितलं, एकाने स्टील आणि एक जण बिजागरी न घेताच पळाला.

भाऊ कागदाच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंटचं काम करायचे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू मशीनला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि कोणतं बेअरिंग जाणार ते सांगायचं, ही त्यांची ख्याती. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात, पण स्क्रू-ड्रायव्हर काही सुटला नाही. माझ्या मिक्सरला तो लावून त्यांनी "दोन महिने" असा निकाल दिला होता. मिक्सर तीन वर्षं चालला. भाऊंच्या मते मी तो हळू चालवला.

ह्या माणसाला बसलेलं मी पाहिलेलं नाही. चहा घेतात तो दारात उभं राहून, अर्धा. उरलेला अर्धा पुढच्या घरी. बोलता बोलता तुमच्या कपाटाची दारं उघडझाप करून बघतील, नळ घट्ट करतील, आणि वाक्य अर्ध्यात सोडून "एक बार और ऐकतो" म्हणत निघून जातील. त्यांच्याशी दहा मिनिटं बोललं की आपलेच पाय दुखतात.

आता त्यांचा कॉम्प्युटर. मेहुणा कुवेतला होता, त्याने खूप वर्षांपूर्वी आणलेला. सगळा कॉम्प्युटर म्हणजे एक जाडजूड कीबोर्ड, तो जुन्या डब्बा टीव्हीला जोडायचा. कळांवर इंग्रजी अक्षरांच्या शेजारी अरबी. त्याच्या डोक्यावर एक खाच आहे, तिच्यात वहीएवढं एक खोकं खुपसलेलं असतं. ते स्पेनमधल्या कुणा त्यांच्याचसारख्या माणसाने घरी बनवून पोस्टाने पाठवलं. खोक्यात आवाजाची चिप आहे. मला भाऊंनी ती इतक्या वेळा समजावली आहे की आता मीच कुणालाही समजावू शकेन.

चिपमध्ये पंधरा वाद्यं तयार आहेत. ती भाऊंना नकोत. सोळावी जागा मात्र रिकामी आहे, तिथे आपल्या मनाचा आवाज घडवता येतो. त्यासाठी आठ घरं आहेत आणि प्रत्येक घरात एक आकडा टाकायचा. आकडा बदलला की आवाज बदलतो. आवाज उसळून यावा की सरकत यावा, लगेच मरावा की रेंगाळावा, गोड असावा की घोगरा, सगळं त्या आठ आकड्यांत. आणि जागा एकच, म्हणून नवा आवाज टाकला की जुना पुसला जातो. वहीत उतरवून ठेवला नाही तर गेला.

"असं आहे ताई," भाऊ सांगतात, "एक लहर दुसरीला हलवून राहते. हलवणारी तुम्हाला ऐकूच येत नाही. ऐकू येते ती हललेली." मी एकदा विचारलं, मग हलवणारीचा उपयोग काय. त्यांनी माझ्याकडे दूधवाल्याकडे बघतात तसं बघितलं.

ह्या कॉम्प्युटरवर त्यांनी दारावरची घंटी केली आहे. दाराच्या बटणाची वायर खेळाचा दांडा जोडतात त्या भोकात घातली. बाहेर बटण दाबलं की कॉम्प्युटरला वाटतं कुणीतरी गोळी झाडली, आणि मग बँडवाल्याकडून आणलेल्या माणसाएवढ्या स्पीकरमधून आवाज येतो. पण लाइट गेली की कॉम्प्युटर सगळं विसरतो. मग कॅसेटवरून प्रोग्राम पुन्हा भरायचा, चार-पाच मिनिटं किर्र किर्र. एकदा आमच्या ह्यांनी बटण दाबलं तर आतून भाऊ ओरडले, थांबा, घंटी लोड होऊन राहिली. दार उघडायला ते स्वतः येऊ शकले असते. आले नाहीत. घंटी वाजल्याशिवाय दार उघडायचं नाही हा त्यांचा नियम.

कारण घंटी त्यांच्यासाठी नाहीच. ती नलिनीवहिनींसाठी आहे.

नलिनीवहिनी म्हणजे त्यांची बायको. दोन-तीन वर्षांत त्यांचे कान गेले. आधी कुकरची शिट्टी गेली, मग फोन, मग घंटी, मग माणसं. इंदूरच्या डॉक्टरांनी मशीन दिलं होतं. ते लावलं की सगळ्या गल्लीची भांडी डोक्यात आदळतात म्हणून वहिनींनी ते पानाच्या डब्यात ठेवून दिलं. त्यांच्या कानाशी जाऊन ओरडलं तर ऐकू येतं, नाहीतर त्या ओठ बघतात.

डिसेंबरात भाऊ इच्छापूरला देवीच्या दर्शनाला गेले आणि वहिनी आतून कडी लावून गोधडी शिवत बसल्या. वरची टाकी भरून पाणी जिन्यावरून रस्त्यावर आलं. अर्धी गल्ली दार बडवत होती. मुलगी पुण्याहून सारखी फोन करत होती. शेवटी मी गच्चीवरून उडी मारून आत गेले, तर वहिनी मला बघून म्हणाल्या, अगं, समोरून यायचंस ना.

मुलीचं नाव स्वाती. चांगली पोरगी, पण ठरवलं की ठरवलं. तिने सांगून टाकलं, घर बंद करा आणि पुण्याला या. भाऊंनी घासाघीस करून मुदत मागून घेतली. शेवटी ठरलं असं, की स्वाती रविवारी, १९ एप्रिलला, सकाळच्या गाडीने येईल, घंटी एकदाच वाजवेल, आणि आईने आपल्या आपण उठून दार उघडलं तर ती हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही उघडलं तर महिन्याभरात सामान बांधायचं. पुण्याच्या दोन खोल्यांत बँडचा स्पीकर जाणार नव्हता हे भाऊंना माहीत होतं.

मी सरळ मनाने सुचवलं होतं की घंटीबरोबर पेटणारा दिवा लावा, ह्यांच्या दुकानात मिळतो. भाऊंनी पहिल्यांदा माझ्याशी आवाज चढवला. "दिव्याकडे बघत बसावं लागतं, ताई. आवाज स्वतः चालत येतो. तिने काय दिवसभर दिव्याकडे बघायचं?"

तर भाऊ वहिनींच्या कानात अजून जागा असलेला आवाज शोधत होते. चार महिने. पद्धत कारखान्याची. वहिनी पलंगावर गोधडी घेऊन बसायच्या, कॉम्प्युटरकडे पाठ. भाऊ एक आवाज घडवायचे, तो तीनदा वाजवायचे आणि बघायचे. वहीत क्रमांक, मग आठ आकडे, मग शेवटच्या रकान्यात "वळली" किंवा "नाही". एकशे चाळीसच्या वर आवाज झाले होते. पितळेसारखे वाजणारे त्यांना जास्त भरवशाचे वाटत होते, म्हणून सगळ्या गावाला पितळ की स्टील. आणि निकाल सुधारत होता. मार्चपासून वहिनी दहात नऊ वेळा वळत होत्या. भाऊ वजनाने कमी झाले होते, पण चेहऱ्यावर तेज आलं होतं.

शनिवारी सातला वहिनी बिबडे थापायला आल्या, दरवर्षीसारख्या. ओल्या पंच्यावर घाट्याचा गोळा ठेवायचा, पाण्याच्या हाताने गोल पसरवायचा, पंचा उचलून साडीवर उलटा घालायचा. वहिनींचा हात माझ्याहून बारीक. खाली भाऊंची खिडकी उघडी होती आणि उद्याच्या परीक्षेसाठी पितळेचं झाकण पंधराव्यांदा विहिरीत पडत होतं.

वहिनी थापता थापता म्हणाल्या, "सुनंदा, उद्या मी नापास."

मी मानेनेच विचारलं, का.

"मला त्यातलं काही ऐकू येत नाही."

मग त्यांनी सांगितलं. पलंगासमोर लोखंडी कपाट आहे, त्याला आरसा. आरशात मागे बसलेले नव्हे, उभे असलेले भाऊ पूर्ण दिसतात. कळ दाबायच्या आधी ते श्वास रोखून धरतात, खांदे वर जातात. खांदे वर गेले की वहिनी मनात दोन म्हणतात आणि वळतात. अगदी सुरुवातीला वळत नसत. मग हळूहळू जमलं.

मला विचारायचं होतं ते ओरडून विचारायची सोय नव्हती. भाऊ बरोबर खाली होते आणि आमच्या गल्लीत ओरडून सांगितलेली गोष्ट जुम्मा मशिदीपर्यंत जाते. वहिनींची नजर पंच्यावर होती, म्हणून मी समोरच्या ओल्या बिबड्यात बोटाने लिहिलं, का?

वहिनींनी वाचलं. "मी वळले नाही तर ते आकडे बदलत बसतात. ताट वाढलेलं तसंच. वळले की जेवतात."

त्यांनी हे असं सांगितलं जसं कुणी सांगावं की आज नळाला पाणी उशिरा आलं. मी पाण्याचा हात फिरवून अक्षरं पुसली आणि पुन्हा लिहिलं, एकही नाही?

वहिनींनी पाण्यात हात बुडवला. एक, म्हणाल्या. कानात नाही, इथे, असं म्हणून ओला हात छातीच्या हाडावर ठेवला. जात्याला टेकून बसल्यासारखं झालं. तीनदा झालं, सारखंच, म्हणजे रस्त्यावरचा ट्रक नव्हता. पण आरशात बघितलं तर भाऊ नव्हतेच, वायर शोधायला टेबलाखाली शिरलेले, तिथूनच हात वर करून कळ दाबत असतील. खांदे दिसले नाहीत. मग कशाला वळायचं, असं वाटून त्या गप्प बसल्या.

"कोणता होता तो, मला काय माहीत," वहिनी म्हणाल्या. "तू काही सांगू नकोस हं त्यांना. होईल ते होईल."

मी तो बिबडा साडीवर उलटा घातला. त्यांना हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दिवसभर बिबडे थापले आणि एकाचाही आकार मनासारखा आला नाही. दोनदा हात पोळला. दुपारी ह्यांना सांगावंसं वाटलं, पण ह्यांना सांगितलं की दुकानात जातं.

संध्याकाळी सहाला भाऊ दारात. दुपारी तीसला तीस वेळा वळली, सांगत होते. चहा घेतला, दाराची कडी वरखाली करून बघितली. मी त्यांना सगळं सांगितलं, घाटा ढवळते तसं, मध्ये न थांबता. आरसा, खांदे, मनात दोन म्हणणं. जेवणाचंही सांगितलं. ते सांगावं की नाही असं क्षणभर वाटलं होतं, पण अर्धं सांगून उपयोग नव्हता.

"आरसा," भाऊ म्हणाले. कडीवरचा हात तसाच. "म्हणजे ताई, चार महिने मी माझंच रीडिंग घेऊन राहिलो."

मी म्हटलं, हो.

मग जात्यासारख्या आवाजाचं सांगितलं, तसे ते लगेच निघाले. आत्ता सगळे पुन्हा वाजवून बघतो, म्हणाले. मी दारात आडवी उभी राहिले. तुम्ही नाही. तुमच्या खांद्यांवर माझा भरवसा नाही. सकाळी सहाला मी येते, वही तयार ठेवा.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून एकही आवाज वाजला नाही. आठच्या सुमारास ताटं मांडल्याचं ऐकू आलं. मग भाऊंचा आवाज, मोठ्याने, गल्लीभर जाईल असा, "नलू, वांगी छान झाली." जरा थांबून आणखी मोठ्याने, "वांगी. वांगी छान झाली."

सकाळी सहाला गेले. आरशावर चादर टाकली. भाऊंना आमच्या गच्चीवर बिबडे उलटायला पाठवलं आणि बजावलं की कठड्यावरून डोकं दिसलं तर स्वातीला मी स्वतः सगळं सांगेन. वहिनी पलंगावर बसल्या, पाठ माझ्याकडे. नुसती खूण केली, जाणवलं तर हात वर. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी सांगितलंय हे त्यांना कळलं असावं. सुईत दोरा ओवला.

वही उघडली. "वळली" लिहिलेल्यांचा काही उपयोग नव्हता, ते भाऊंचे खांदे होते. खरा आवाज लागला तेव्हा वहिनी वळल्या नव्हत्या, म्हणजे तो "नाही"मध्येच असणार. "नाही" चौतीस होते. वहीतले आठ आकडे टाकायचे, मोठी कळ दाबायची, इतकंच मला जमत होतं. इतकंच पुरे होतं.

पहिले दहा, काही नाही. वहिनींची सुई चालू. वीस झाले. साडेसात वाजले. गाडी नऊची. आमच्या गच्चीवर भाऊंची पावलं इकडून तिकडे, इकडून तिकडे. इतक्या येरझाऱ्यांत बिबडे उलटायला वेळ कुठे मिळत असेल. एकेक वाजवत गेले आणि मला पहिल्यांदा वाटलं की असा आवाज नसेलच. म्हाताऱ्या बाईला एकदा भास झाला असेल, आणि मी मात्र चार महिन्यांची वही मोडीत काढली.

सत्ताविसावा वाजवायच्या आधी वहीत बघितलं. क्रमांक एकसष्ट. आकड्यांच्या पुढे भाऊंच्या अक्षरात, "तिसऱ्या घरात चुकून ७ पडला. घाण आवाज. रद्द."

कळ दाबली. पत्र्याच्या पिंपात सर्दी झालेला रेडा खोकावा असा आवाज. टेबलावरचा स्टीलचा पेला सरकला.

वहिनींचा हात वर.

मी विश्वास ठेवला नाही. दहा आकडे मोजून पुन्हा दाबली. हात वर. तीस मोजून दाबली. हात वर. मग मुद्दाम पितळेचं झाकण वाजवलं. सुई चालू राहिली. पुन्हा एकसष्ट, आणि वहिनी हात वर करून माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "अगं पुरे, कळलं."

मी पेन्सिलीने "नाही" खोडलं आणि भाऊंना हाक मारली. ते हातात अर्धा वाळलेला बिबडा घेऊनच आले. आवाज ऐकून त्यांचं तोंड वाकडं झालं. "हा? ताई, हे कोणत्याच धातूचं नाही." मी म्हटलं, नसू दे. वीस मिनिटांत त्यांनी तो घंटीला बसवला, दोनदा तपासला, आणि न जेवता स्टेशनवर गेले. रिक्षातून उतरल्यावर रस्त्यापलीकडे उभं राहायचं, दाराजवळ यायचं नाही, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

घरी येऊन डाळीचा कुकर लावला. साडेनऊच्या सुमारास रिक्षा थांबली. भाडं किती ह्यावरून रिक्षावाल्याचं आणि स्वातीचं बोलणं झालं. मी गॅस बंद केला, शिट्टी मध्ये यायला नको म्हणून.

घंटी वाजली. आमच्या ओट्यावरची मिक्सरची भांडी थरथरली.

मग काहीच नाही. मी हातातलं फडकं खाली ठेवलं. मी मोजत होते, अकरापर्यंत आले होते, तेव्हा पलीकडे कडी सरकली आणि नलिनीवहिनींचा आवाज आला.

"किती वाळलीस गं, स्वाती."

मी गॅस पुन्हा पेटवला.